पोलिसांनी मारलं किंवा डांबून ठेवलं तर: तक्रारीचा क्रम, कागद आणि मुदती

मारहाणीला तीन आठवडे उलटल्यावर माणूस अर्ज लिहायला बसतो. तोवर अंगावरचे वळ गेलेले असतात, समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यातलं चित्रण पुसलेलं असतं, आणि अर्ज 'मी एक गरीब व प्रामाणिक नागरिक असून' इथून सुरू होतो. असा अर्ज चौकशीला गेला की उत्तर ठरलेलं असतं: 'आरोपात तथ्य आढळून आले नाही.' घडलेलं खरं असतं, पण ते सिद्ध करणारं काहीच हातात उरलेलं नसतं.

म्हणून इथे क्रमावर भर आहे. आधी दवाखाना, मग पुरावा जपणं, मग अर्ज, मग योग्य दार. प्रक्रिया महाराष्ट्रापुरती सांगितली आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहेत. त्यानंतरच्या घटनेच्या अर्जात जुन्या कायद्यांतली १५४, १५६(३), ३३० ही कलमं टाकू नका. खाली 'सुरक्षा संहिता' आणि 'न्याय संहिता' अशी छोटी नावं वापरली आहेत. नुसता कलम क्रमांक असेल तर तो सुरक्षा संहितेचा.

## टप्पा १: माणूस अजून पोलीस ठाण्यातच असेल तर

घरच्यांनी पहिल्या तासात करायच्या गोष्टी:

१. ११२ वर फोन करा. 'अमुक व्यक्तीला अमुक वेळी अमुक ठिकाणाहून नेलं, कुठे आहे ते सांगत नाहीत' एवढंच बोला. मदत मिळो न मिळो, फोनची वेळ नोंदवली जाते. पुढे 'त्याला रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी ताब्यात घेतलं' असं कागदावर आलं, तर ही नोंद कामाला येते.

२. ठाणे अंमलदाराला तीन प्रश्न विचारा: अटक केली आहे की चौकशीला बोलावलं आहे? गुन्हा क्रमांक काय? तपास अधिकारी कोण? उत्तरं मिळाली की वेळेसकट लिहून ठेवा, नाही मिळाली तर तेही लिहा.

३. पोलीस अधीक्षकांना ईमेल करा. आयुक्तालयाच्या हद्दीत परिमंडळाच्या उपायुक्तांना करा. चार ओळी पुरतात.

४. वकील पाठवा. चौकशीदरम्यान आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटण्याचा हक्क सुरक्षा संहितेच्या कलम ३८ मध्ये आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. कोठडीतल्या व्यक्तीला, महिलांना, मुलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

अटक झाली असेल तर पंचनाम्यासारखा अटकेचा कागद होतो. त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही लागते. अटकेची कारणं सांगावी लागतात आणि नातेवाइकाला कळवावं लागतं (कलमं ३६, ४७, ४८). २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावं लागतं (कलम ५८). अपवादात्मक परिस्थिती सोडून महिलेला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करता येत नाही. तशी करायची झाली तरी महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची आधी घेतलेली परवानगी लागते (कलम ४३). साक्षीदार म्हणून बोलावताना १५ वर्षांखालचा मुलगा, ६० वर्षांवरचा पुरुष, कोणतीही महिला, दिव्यांग किंवा गंभीर आजारी व्यक्ती यांना ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनीच त्यांच्या घरी जायचं असतं (कलम १७९).

अटक दाखवलीच नाही आणि माणूस आत आहे, अशी स्थिती असेल तर कलम १०० खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून शोध वॉरंट मागता येतं. तेही जमलं नाही तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची, म्हणजे 'डांबलेल्या माणसाला न्यायालयासमोर हजर करा' अशी याचिका.

सावध: सोडताना एक छापील किंवा हाताने लिहिलेला कागद पुढे येतो: 'माझी पोलिसांविरुद्ध कोणतीही तक्रार नाही.' शक्य असेल तर सही करू नका. करावीच लागली तर ती कशी घेतली, कोणाच्या समोर आणि किती वाजता, हे पहिल्याच तक्रारीत लिहा. नंतर सुचलं असं दिसलं की कोणी विश्वास ठेवत नाही.

## टप्पा २: रिमांडच्या वेळी एकच वाक्य

दंडाधिकारी विचारतात, 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?' शेजारी तेच पोलीस उभे असतात, परत त्यांच्याच गाडीतून जायचं असतं, म्हणून माणूस 'नाही' म्हणतो. ते 'नाही' रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या नोंदीत, उतरतं आणि पुढची दोन-तीन वर्षं प्रत्येक सुनावणीत समोर येतं. आमच्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच.

बोलायचं ते एवढंच: 'मला काल रात्री ठाण्यात मारहाण झाली. इथे आणि इथे दुखतंय. मला सरकारी डॉक्टरकडून तपासणी हवी आणि माझं म्हणणं लिहून घ्या.' वकिलाने लगेच लेखी अर्ज द्यावा. जखम दिसण्यासारखी असेल तर ती न्यायालयातच दाखवा.

अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीच्या अहवालाची प्रत अटक झालेल्याला किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला द्यावी लागते (कलम ५३). ती मागा. सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू प्रकरणातल्या १९९६ च्या निकालानुसार कोठडीत दर ४८ तासांनी तपासणी व्हायला हवी, तेही अहवाल मागून घ्या.

तपासा: दोन-तीन दिवसांत त्या दिवसाच्या रोजनाम्याच्या नकलेसाठी अर्ज करा. 'तक्रार नाही' असं चुकीने लिहिलं गेलं असेल तर पुढच्याच तारखेला दुरुस्तीचा अर्ज द्या.

## टप्पा ३: दवाखाना, पहिल्या २४ तासांत

सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात जा. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय, जे जवळ असेल ते. केस पेपर काढतानाच 'एमएलसी करायची आहे' असं सांगा. एमएलसी म्हणजे पोलीस-न्यायालयाच्या कामी येणारी वैद्यकीय नोंद.

'कसं लागलं?' या प्रश्नाला 'पडलो' असं उत्तर देऊ नका. भीतीने किंवा सोबतच्या हवालदाराकडे बघून अनेक जण तेच सांगतात, आणि मग केस पेपर आपल्याविरुद्धचा पुरावा ठरतो. केस पेपरवर यायला हवं ते साधारण असं: 'दि. … रोजी रात्री ११ च्या सुमारास पोलिसांनी काठी व पट्ट्याने मारहाण केल्याचे रुग्ण सांगतो.' 'रुग्ण सांगतो' या शब्दांत डॉक्टरांवर कोणतीही जबाबदारी येत नाही, हे त्यांना शांतपणे समजावता येतं. लिहून झाल्यावर केस पेपर तिथेच वाचून घ्या.

डॉक्टरांना अंग पूर्ण दाखवा. काय कुठे बघायचं:

लाठीचा वळ ओळखता येतो: दोन समांतर लाल रेषा आणि मधली पट्टी फिकट. डॉक्टरांना त्याची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये आणि जागा नेमकी लिहायला सांगा, 'डाव्या मांडीच्या मागच्या बाजूस' अशी. 'पायाला मुका मार' एवढ्याने भागत नाही. तळपायावर मारलं असेल तर वरून फारसं दिसत नाही, म्हणून सूज, चालताना होणारी वेदना आणि टाच टेकते की नाही, हे लिहून घ्या. कानफटात बसली असेल आणि कानात शिट्टी वाजल्यासारखं होत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवायला सांगा. कानाचा पडदा फाटल्याची नोंद लवकर व्हावी लागते, कारण लहान छिद्र काही आठवड्यांत भरून येतं. हाडावर मार असेल तर एक्स-रे, डोक्याला असेल तर सीटी स्कॅन.

हाड मोडणं, दात पडणं, किंवा १५ दिवस तीव्र वेदना होणं वा रोजची कामं करता न येणं ही 'गंभीर दुखापत' धरली जाते (न्याय संहिता, कलम ११६). म्हणून दुखणं लांबलं तर पुन्हा जा, पुन्हा केस पेपर काढा. एकदा दाखवून घरी बसलेल्या माणसाच्या १५ दिवसांचा पुरावा कुठेच नसतो.

फोटो घरच्यांनी काढायचे. दिवसाउजेडी, फ्लॅशशिवाय. आधी चेहऱ्यासकट पूर्ण अंगाचा, मग भागाचा, मग जखमेचा, शेजारी मोजपट्टी किंवा दहाचं नाणं ठेवून. दुसऱ्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी पुन्हा काढा. काही मार दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतो, आणि लाल-निळा, मग हिरवट, मग पिवळसर असा रंग बदलत जातो. तो बदल घटनेच्या तारखेशी जुळतो.

मूळ फोटो त्याच फोनमध्ये राहू द्या. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत ही मूळ नव्हे. न्यायालयात फोटो-व्हिडिओ द्यायचे तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात फाइलची हॅश किंमतही (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा संगणकीय आकडा) द्यावी लागते. फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. रक्ताचे डाग पडलेले कपडे न धुता, वाळवून, कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल राहिली की डाग खराब होतात.

## टप्पा ४: कॅमेऱ्यांचं चित्रण, पहिल्या ४८ तासांत

परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे लावायला सांगितले. प्रवेशद्वार, लॉकअप, व्हरांडा, निरीक्षक आणि उपनिरीक्षकांच्या खोल्या या जागा निकालात मोजून सांगितल्या आहेत. चित्रण १८ महिने, आणि ते जमत नसेल तिथे किमान एक वर्ष ठेवायचं आहे. प्रत्यक्षात 'कॅमेरा बंद होता' हे उत्तर येतं. तेही लेखी घ्या. कॅमेरा बंद का होता, कधीपासून, आणि दुरुस्तीचं पत्र कधी गेलं, याचा जाब मग त्यांना द्यावा लागतो.

१. चित्रण जतन करण्याचा अर्ज ठाण्याच्या प्रभारींना आणि त्याच दिवशी अधीक्षक किंवा उपायुक्तांना द्या. तारीख लिहा, वेळ 'रात्री ९.३० ते पहाटे २.००' अशी लिहा (घटनेच्या आधी-नंतर अर्धा-अर्धा तास धरून), आणि जागाही नावाने लिहा.

२. माहिती अधिकाराचा वेगळा अर्ज करा. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. चित्रण, ठाणे दैनंदिनीची नोंद आणि त्या रात्रीची ड्युटी यादी एकाच अर्जात कोंबली की पहिल्याच विषयापुरतं उत्तर येऊ शकतं. तीन अर्ज करा. माणूस अजून आत असेल तर 'जीवित व स्वातंत्र्याशी संबंधित, ४८ तासांत उत्तर अपेक्षित' असं वरच लिहा. एरवी मुदत ३० दिवस. उत्तर न आल्यास किंवा नकार आल्यास ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपये.

३. बाहेरचे कॅमेरे: दुकान, सोसायटी, पेट्रोल पंप. घरगुती डीव्हीआरमध्ये (चित्रण साठवणाऱ्या यंत्रात) बरेचदा आठवडा-दोन आठवड्यांत जुनं चित्रण पुसलं जातं. मालकाला विनंती करून प्रत घ्या. पोलिसांच्या धाकाने तो देत नसेल तर निदान कॅमेऱ्याचा फोटो आणि पत्ता घ्या. न्यायालयामार्फत मागवता येईल.

ठाण्यात मोबाइलवर काही टिपलं म्हणून 'शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा लावू' अशी धमकी दिली जाते. पोलीस ठाणं हे त्या कायद्यातलं 'निषिद्ध ठिकाण' नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये म्हटलं आहे.

## टप्पा ५: अर्ज लिहिणं

विशेषणं काढा, वेळा घाला. 'अमानुष', 'निर्दयी', 'खाकीतले गुंड' हे शब्द लिहिताना मन मोकळं होतं, पण चौकशी अधिकाऱ्याला त्यातलं काहीच तपासता येत नाही.

असं नको: 'पोलिसांनी मला बेदम मारहाण करून अर्वाच्य शिवीगाळ केली व माझ्यावर घोर अन्याय केला.'

असं हवं: 'रात्री सुमारे १०.४० वाजता दोन कर्मचाऱ्यांनी मला ठाण्याच्या मागच्या खोलीत नेले. एकाची नेमप्लेट दिसत होती, आडनाव …, बक्कल क्रमांक …. दुसरा साध्या कपड्यांत, उंची साधारण पावणेसहा फूट, डाव्या हातात कडे. पहिल्याने पट्ट्याने डाव्या मांडीवर चार-पाच फटके मारले व "मोबाइल कुठे लपवला सांग" असे विचारले. मी ओरडलो तेव्हा दाराशी ठाणे अंमलदार आले व परत गेले.'

दुसऱ्या नमुन्यात जागा, वेळ, हत्यार, अवयव, शब्द आणि साक्षीदार आले. त्यातला 'मोबाइल कुठे लपवला सांग' हा प्रश्न फार मोलाचा आहे. कबुली, माहिती किंवा ऐवज काढून घेण्यासाठी केलेली दुखापत हा न्याय संहितेच्या कलम १२० खालचा वेगळा, जड गुन्हा आहे: ७ वर्षांपर्यंत, दुखापत गंभीर असेल तर १० वर्षांपर्यंत शिक्षा. म्हणून मारताना काय विचारलं, ते शब्दशः लिहा.

नाव माहीत नसेल तर अंदाजाने लिहू नका. 'अनोळखी, समोर आल्यास ओळखेन' आणि वर्णन, एवढं पुरे. चुकीचं नाव गेलं आणि तो माणूस त्या दिवशी रजेवर निघाला की सगळी तक्रार खोटी ठरवायला तेवढं पुरतं. जात काढून शिवी दिली असेल आणि तक्रारदार अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर ते शब्दही जसेच्या तसे लिहा. तिथे अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो आणि तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. पारधी वस्त्यांतून येणाऱ्या तक्रारींत ही ओळ फार वेळा राहून जाते.

शेवटी मागण्या वेगवेगळ्या लिहा: गुन्हा नोंदवा, चित्रण जतन करा, तपास दुसऱ्या ठाण्याकडे द्या. अर्ज दोन पानांत बसवा, बाकीचं जोडपत्रात.

तपासा: केस पेपरवरची वेळ, ११२ च्या फोनची वेळ आणि अर्जातली वेळ जुळते का? जुळत नसेल तर 'सुमारे' लिहा. ओढूनताणून जुळवू नका.

## टप्पा ६: कोणतं दार, कोणत्या क्रमाने

गुन्हा नोंदवण्याची वाट अशी आहे, आणि पायरी गाळली की अर्ज तिथेच फेटाळला जातो:

१. पोलीस ठाणे, कलम १७३. दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) माहिती दिल्यावर नोंद बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ललिता कुमारी निकालाने २०१३ मध्ये ठरवलं आहे. हद्दीचं कारण देऊन परत पाठवता येत नाही, शून्य क्रमांकाने नोंद होते. प्रत मोफत मिळते. 'एन.सी. घेतो' (नुसती अदखलपात्र नोंद) म्हणाले तर ती तुमच्या तक्रारीला पुरेशी नाही, असं दुसऱ्या दिवशी लेखी कळवा.

२. नकार मिळाला तर तोच मजकूर अधीक्षक किंवा उपायुक्तांना टपालाने, कलम १७३(४) खाली. रजिस्टर्ड पोस्ट आता स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे, त्यामुळे स्पीड पोस्ट करा, पावती आणि पोहोचल्याची ऑनलाइन नोंद छापून ठेवा. हातोहात दिलात तर आवक शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

३. तरीही हालचाल नाही तर दंडाधिकारी, कलम १७५(३). सोबत शपथपत्र आणि आधीच्या दोन्ही अर्जांचा पुरावा लागतो. कर्तव्य बजावताना घडलेल्या कृत्याबद्दल तक्रार असेल तर कलम १७५(४) नुसार दंडाधिकारी वरिष्ठांचा अहवाल आणि त्या कर्मचाऱ्याचं म्हणणं आधी बघतात. अर्जात स्वच्छ मांडा की लॉकअपमध्ये पट्ट्याने मारणं हे कर्तव्य नव्हे. हाच मुद्दा पुढे खटल्याला लागणाऱ्या सरकारी मंजुरीच्या वेळीही (कलम २१८) निघतो.

याच्या जोडीला दोन स्वतंत्र दारं आहेत.

राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण. कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार किंवा त्याचा प्रयत्न, प्रक्रिया न पाळता केलेली अटक, खंडणी, लाचखोरी, जमीन किंवा घर बळकावणं, आणि अधिकाराचा गंभीर दुरुपयोग, एवढे विषय त्याच्या कक्षेत येतात. पीडित, घरचे किंवा त्यांच्या वतीने कोणीही तक्रार करू शकतं. अधिकाऱ्याच्या दर्जानुसार तक्रार राज्य पातळीवर जाते की विभागीय, हे आधी फोन करून विचारा. शपथपत्र सुरुवातीलाच जोडा. 'नीट बोलले नाहीत' अशा तक्रारीसाठी हे दार नाही. ती अधीक्षकांकडे द्या.

राज्य मानवी हक्क आयोग. शुल्क नाही, वकील लागत नाही. घटनेपासून एक वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. आयोग भरपाईची आणि कारवाईची शिफारस करतो, शिक्षा देत नाही. राष्ट्रीय आणि राज्य आयोग अशा दोन्हीकडे एकदम अर्ज करू नका, एकीकडे प्रलंबित असलं की दुसरीकडे फेटाळलं जातं. न्यायालयात काही चालू असेल तर ते लपवू नका.

कोठडीतील मृत्यू असेल तर हा क्रम बाजूला ठेवा. कलम १९६ खाली दंडाधिकारी चौकशी व्हावीच लागते. शवविच्छेदनाचं चित्रण करण्याची लेखी मागणी अंत्यविधीच्या आधी द्या आणि त्याच दिवशी उच्च न्यायालयातल्या वकिलाशी बोला.

## टप्पा ७: मुदती

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १६१ अनेक वकिलांच्याही नजरेतून सुटतं. अधिकाराच्या आडून केलेल्या कृत्याबद्दल पोलिसांविरुद्ध खटला किंवा दावा ६ महिन्यांत दाखल व्हावा, असं ते सांगतं. मारहाण 'अधिकाराच्या आडून' यात बसते का यावर वाद घालता येतो, पण तो वाद ओढवून का घ्यायचा? अधीक्षकांच्या उत्तराची वाट बघत पाच महिने घालवू नका. अर्ज पोहोचल्यावर १५ दिवस थांबा, मग दंडाधिकाऱ्यांकडे जा.

## टप्पा ८: चौकशीला बोलावल्यावर

बोलावणं लेखी मागा. जबाबासाठी त्याच ठाण्यात बोलावलं तर दुसरी जागा लेखी मागा, अधीक्षक कार्यालय किंवा उपविभागीय अधिकाऱ्याचं कार्यालय. सोबत कोणीतरी न्या, तो बाहेर बसला तरी चालेल.

विभागीय चौकशीतल्या जबाबावर सही लागते: पूर्ण वाचा, चुकीचा शब्द खोडायला लावा, रिकाम्या जागेवर रेघ मारा, मगच सही करा आणि प्रत मागा. गुन्ह्याच्या तपासातल्या कलम १८० खालच्या जबाबावर मात्र सही घेता येत नाही. सही मागत असतील तर तो कागद नेमका कसला आहे, ते आधी विचारा.

याच सुमारास गावातला कोणी पुढारी किंवा ओळखीचा हवालदार 'मिटवून टाका' म्हणत घरी येतो. कधी जुन्या भांडणात अचानक तक्रारदाराचंच नाव येतं. अशा प्रत्येक भेटीची, फोनची तारीख-वेळ वहीत लिहा आणि दोन-तीन नोंदी झाल्या की 'तक्रार मागे घेण्यासाठी दबाव' असा वेगळा अर्ज पोलीस तक्रार प्राधिकरणाला किंवा मानवी हक्क आयोगाला, मूळ तक्रारीचा क्रमांक टाकून पाठवा. मूळ केस पेपर, पोच आणि पावत्या त्या घरात ठेवू नका. झडती घ्यायला आले तर पहिला हात त्याच फाइलवर पडतो.